लोअरिंग स्प्रिंगनंतर धाड, टण्ण आणि आतून खाल्लेले टायर: दोष कुठे शोधायचा

तक्रारीचा क्रम ठरलेला असतो. स्विफ्ट, पोलो जीटी, आय-२० एन लाइन, नाहीतर ऑक्टाव्हिया आरएस. ३० ते ३५ मिमी खाली बसवणारा स्प्रिंगचा सेट टाकला, चाक आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी भरली, गाडी देखणी दिसायला लागली. पंधरा दिवसांनी खड्ड्यात धाडकन आवाज. दोन महिन्यांनी पुढचे टायर आतल्या कडेला गुळगुळीत. पावसाळा सरेपर्यंत एखादा शॉकअप तेलाने ओला. मग लिंक रॉड बदला, माउंटिंग बदला, अलाइनमेंट तीनदा करा, आणि शेवटी निकाल एकच: स्प्रिंगच भिकार निघाली.

स्प्रिंग बहुतेक वेळा निर्दोष असते. चाकाला वर जायला जी जागा होती, ती संपलेली असते आणि ती किती संपली हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप हातात घ्या.

जागेचं गणित

समजा मूळ गाडीत चाक उभ्या अवस्थेपासून ८० मिमी वर गेल्यावर बंप स्टॉपला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बफरला, टेकत होतं. गाडी ३५ मिमी खाली आली की उरले ४५. धक्क्याची ऊर्जा स्प्रिंग दाबली जाण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पोटात घेते. ८० मिमीत जो धक्का जिरत होता तोच ४५ मिमीत जिरवायचा, तर स्प्रिंग ३ पटींहून जास्त कडक हवी. बाजारातले रस्त्यावर चालवायचे सेट मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण २० ते ३० टक्के कडक असतात. बाकीचं काम कोण करणार? बफर. ‘राइड फार कडक झाली’ असं ज्याला म्हणतात, ते बरेचदा बफरवर आदळणं असतं.

हेच गणित २५ मिमीला केलं तर ५५ मिमी उरतात आणि दुपटीहून थोडी जास्त कडक स्प्रिंग लागते. तीही जास्तच, पण ३५ आणि २५ यांतला फरक दिसतो त्याहून मोठा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला २५ मिमीपेक्षा जास्त खाली नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी मोजमाप

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायरची हवा आणि झीज आकडा फिरवतात. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. फरशी सपाट, टाकी अर्धी, डिकी रिकामी. गाडी जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण चाकं आत ओढलेली असतात. आधी गाडी पाच-सहा मीटर मागेपुढे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, मग टेप लावा. चारही आकडे कागदावर लिहा. स्प्रिंग टाकण्याआधीचे आकडे नसतील तर त्याच मॉडेलची मूळ अवस्थेतली गाडी शोधून मोजा.

डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक चालतो. १० मिमीच्या पुढे गेला तर एखादी स्प्रिंग खुर्चीत, म्हणजे ती टेकते त्या वाटीत, नीट बसलेली नाही, आर्मच्या सांध्यातला रबर बुश पिळून आवळलेला आहे, किंवा मागची स्प्रिंग रबर पॅडशिवाय बसवली आहे.

पुढची बाजू सांगितल्यापेक्षा ७-८ मिमी जास्त बसली असेल तर स्प्रिंगवरचा नंबर वाचा. पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात. डिझेल इंजिनमुळे पुढे ४० किलो वजन जास्त पडलं, तर एका बाजूला २० किलो, म्हणजे सुमारे २०० न्यूटन. २८ न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगवर तेवढ्याने गाडी ७ मिमी आणखी दबते. आयबाख, एच अँड आर यांच्यासारख्या जर्मन सेटच्या कागदावर अॅक्सलच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात टाकायचा नसतो.

केबल टायची परीक्षा

शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, डस्ट कव्हर वर सरकवून, एक पातळ केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सिलिंडरच्या तोंडाशी टेकवा. ओढून सरकेल, पण आपोआप घसरणार नाही, इतपतच आवळा. आता नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसह १५-२० किलोमीटर गाडी चालवा. परत येऊन बघा. चाक वर जाताना सिलिंडरच्या तोंडाने टाय दांड्यावर वर ढकललेला असतो, आणि तो जिथे थांबला तिथपर्यंत शॉकअप दबला होता. टाय बफरच्या खालच्या कडेला जाऊन चिकटला असेल, किंवा बफरमध्येच रुतला असेल, तर धाड कुठून येते याचं उत्तर मिळालं. टाय आणि बफर यांच्यात २० मिमी मोकळे असतील आणि तरी आवाज येत असेल, तर दोष दुसरीकडे आहे.

दांडा उघडा आहे तोवर त्यावरून नख फिरवा. जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग टाकल्यावर तेल का गळतं, याचं कारण इथे सापडतं. दांड्याचा जो भाग वर्षानुवर्षं बाहेर राहून धूळ आणि गंज खात होता, तोच आता गाडी खाली बसल्यामुळे दिवसभर सीलमधून आत-बाहेर होतो. नखाला खरखर लागली तर ते सील फार टिकणार नाही. ५०-६० हजार किलोमीटर झालेल्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग टाकणं म्हणजे तीच मजुरी दोनदा देणं.

बफरवर आदळत असेल तर उपाय तीन, आणि क्रम हाच ठेवा. सेटबरोबर आखूड बफर दिले असतील तर तेच बसवा. मूळ लांब बफर तसेच ठेवून स्प्रिंग बदलणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कंपनीने बफर कापायला सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच, सरळ आणि ज्या टोकाकडून सांगितलं त्याच टोकाकडून कापा. पूर्ण काढून टाकू नका, नाहीतर शॉकअपचा पिस्टन तळाला आपटतो. त्याने भागलं नाही तर आखूड बॉडीचे, त्याच स्प्रिंगसाठी बनवलेले शॉकअप. तेही नको असेल तर कमी खाली बसवणारी स्प्रिंग. चौथा उपाय नाही.

आवाज कोणता, त्यावरून जागा

गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की ‘टण्ण’ असा तार सुटल्यासारखा आवाज येतो. स्प्रिंग स्ट्रटबरोबर, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या उभ्या खांबाबरोबर, वळत नाही, पीळ धरते आणि एकदम सुटते. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवायचा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. झटका हाताला कळतो. कारणं दोन: वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग उलटं किंवा कोरडं बसलं आहे, नाहीतर स्प्रिंगचं शेपूट खालच्या खुर्चीतल्या थांब्याला लागलेलं नाही. शेपूट आणि थांबा यांच्यात बोटभर फट दिसली तर स्ट्रट पुन्हा उतरवा. स्प्रिंगवरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. उलटी दिसली तर स्प्रिंग उलटी आहे.

हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर ‘खटखट’. पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणाऱ्या बारीक दांड्यावर, दुसरा शॉकअपच्या दांड्याच्या वरच्या नटवर. लिंक रॉडची खात्री स्वस्तात होते. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड एका टोकाने सोडा, सुतळीने बाजूला बांधा आणि गल्लीत २० च्या वेगाने एक फेरी मारा. आवाज गेला तर लिंक रॉड. एकाच बाजूचा सोडून ही परीक्षा होत नाही. आवाज राहिला तर वरचा नट बघा. तो इम्पॅक्ट गनने आवळायचा नसतो, दांडा आतल्या आत गरगर फिरतो आणि नट घट्ट झाल्याचा भास होतो. एलन कीने दांडा धरून, टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तकातल्या आकड्यावर आवळा. नट नवा. फोक्सवॅगन, स्कोडाच्या गाड्यांत सस्पेन्शनचे बरेच बोल्ट ताणून बसणारे असतात: आधी ठरलेला टॉर्क, त्यावर ९० अंश. असा बोल्ट एकदा सुटला की पुन्हा वापरायचा नाही.

गतिरोधक उतरताना मागून ‘ठप्प’. मागची दोन्ही चाकं लटकतील अशी गाडी स्टँडवर घ्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सैल फिरली किंवा वर फट दिसली, तर मूळ शॉकअप या स्प्रिंगसाठी लांब पडतो. चाक लटकलं की स्प्रिंग खुर्ची सोडते आणि परत बसताना वाजते. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही, स्प्रिंग खुर्चीतून सरकू शकते. आखूड शॉकअप हाच उपाय. स्प्रिंगला रबराची नळी चढवली तर आवाज दबतो, फट तशीच राहते.

कापलेल्या स्प्रिंगचा विषय इथेच संपवू. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक होते, कापलेलं टोक खुर्चीत बसत नाही आणि चाक लटकल्यावर ती सुटी होते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट: पोलादाचं पाणी उतरतं आणि ती महिन्या-महिन्याला खाली बसत जाते. अशी गाडी असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, आधी स्प्रिंग बदला.

बुश: सगळे विसरतात तो भाग

लोअर आर्म म्हणजे चाक बॉडीला जोडणारा खालचा दांडा. त्याचा रबर बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळतो. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, आणि त्याच अवस्थेत आर्मचा बोल्ट आवळला, की रबराची ‘सरळ’ अवस्था तीच ठरते. आर्म ३३० मिमीचा आणि चाक उभ्या अवस्थेपेक्षा ९० मिमी खाली लटकलेलं असेल, तर गाडी जमिनीवर येताच बुश सुमारे १६ अंश पिळलेला राहतो. चोवीस तास. परिणाम असे: गाडी सांगितल्याएवढी खाली बसत नाही, राइड कारण नसताना ताठ लागते, आणि काही महिन्यांत बुश फाटून ब्रेक मारताना ‘टक’ वाजायला लागतो.

ताणून बसणारा बोल्ट असेल तर तेवढा नवा, बाकी दुरुस्तीला पार्ट लागत नाही. चाकं रॅम्पवर, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर, सगळ्या रबर बुशांचे बोल्ट अर्धा-एक आटा सैल करा, गाडी दाबून सोडा, आणि त्याच उंचीला पुन्हा टॉर्कने आवळा. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या ट्विस्ट बीमच्या दोन मोठ्या बुशांनाही हाच नियम. रॅम्प नसेल तर हबखाली जॅक लावून हब ते मडगार्डचा लिहून ठेवलेला आकडा येईपर्यंत चाक वर घ्या आणि मग आवळा. जॅक लावला तरी गाडी स्टँडवर टेकलेली असलीच पाहिजे.

टायर आतून का खाते

दोष सगळे कॅम्बरला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या झुकावाला, देतात. गाडी खाली आली की चाक वरून आत झुकतं हे खरं, पण उणे दीड अंशाच्या कॅम्बरवर टायर इतक्या लवकर मरत नाही. मारतो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढच्या बाजूने किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. टो आत जाईल की बाहेर, हे स्टिअरिंग रॅक कुठे आहे आणि टाय रॉडचा कोन किती बदलला यावर ठरतं. बदलतो मात्र नक्की. रिमच्या कडेला मोजून एकूण ३ मिमी टो चुकला असेल, तर १५ इंची चाकावर प्रत्येक टायर दर किलोमीटरला जवळपास पावणेचार मीटर आडवा घासला जातो. त्यावर कॅम्बरने सगळं वजन आतल्या कडेला आलेलं. दोन्ही मिळून कड साफ.

हाताने ओळखा: टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो. दोन्हीकडून गुळगुळीत पण आतली कड झिजलेली, तर कॅम्बर.

अलाइनमेंट दोनदा करायची. एकदा स्प्रिंग बसवल्याच्या दिवशी, पुन्हा ३०० ते ५०० किलोमीटरनंतर, स्प्रिंग आणि बुश बसल्यावर. बुश सैल करून आवळायचे राहिले असतील तर ते आधी, अलाइनमेंट नंतर. उलटं केलं की पैसे वाया. प्रिंट घ्या आणि मागच्या चाकांचेही आकडे बघा. ट्विस्ट बीमच्या गाडीत मागचा कॅम्बर आणि टो पान्याने बदलत नाही, स्टब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बीम यांच्यात पातळ शिम घालावी लागते. मागच्या चाकांना ‘अॅडजस्टमेंट होऊन गेली’ असं कुणी सांगितलं तर कुठला बोल्ट फिरवला ते विचारा.

मे महिन्यात टायरची हवा पहाटे, गाडी चालण्याआधी तपासा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो. भुसावळच्या दुपारी पंपावर हवा ‘जास्त’ दिसली म्हणून कमी केली, तर सकाळी टायर उपाशी असतो आणि कडा आणखी खातो.

गतिरोधक, लाटा आणि घाट

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेमी उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या मध्यावर आली, तर पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. लोअर केलेली गाडीसुद्धा तो आरामात ओलांडते. गावच्या वेशीवरचा हातभर रुंद, १५ सेमीचा डांबराचा ढीग मात्र दोन्ही चाकांच्या मध्ये अख्खाच्या अख्खा येतो. मूळ क्लिअरन्स १६५ मिमी, त्यातून स्प्रिंगचे २५ गेले, चार माणसांनी आणखी २५ घेतले, उरले ११५. ‘गाडी खाले टेकस भो’ ही तक्रार घेऊन स्प्रिंगची वॉरंटी मागता येत नाही. गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा, आणि चेंबरखाली, म्हणजे इंजिन ऑइलच्या तळाखाली, धातूची प्लेट बसवा. प्लेट बसवताना तीही १०-१५ मिमी क्लिअरन्स खाते, हे धरून चाला.

काळ्या मातीवरचे तालुक्याचे रस्ते वेगळी परीक्षा घेतात. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि डांबर लाटांसारखं होतं. ७०-८० च्या वेगात अशा लाटेवर मागची बाजू एकदा वर येऊन तिथेच बसायला हवी. दोन-तीनदा झुलली तर शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणं, कमी पडतंय. स्प्रिंग ३० टक्के कडक केल्यावर त्याच शॉकअपचं दमन प्रमाणाने १२ टक्के कमी होतं. नव्या शॉकअपला ते पेलतं, थकलेल्याला नाही. थोडक्यात खड्डा बफर तपासतो, लाट शॉकअप तपासते आणि गतिरोधक उतरताना स्प्रिंगची खुर्ची.

घाटातली तक्रार ऐकून लोक चक्रावतात: चाळीसगाव-कन्नड घाटाच्या वळणांत गाडी खाली असूनही जास्त कलते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत लोअर आर्म आडवा असायला हवा, किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली. जास्त खाली बसवलं की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा झपाट्याने खाली उतरतं. कलवणारा जोर वाढतो. गाडी सपाट फरशीवर उभी करून समोरून आर्मकडे नुसतं बघा. बाहेरचं टोक बॉडीकडच्या टोकापेक्षा वर दिसत असेल, तर जाड स्टॅबिलायझर बारवर पैसे घालू नका, उंची वाढवा.

बसवताना आणि नंतर

पुढची स्प्रिंग उतरवताना दोन्ही कॉम्प्रेसर समोरासमोर, सारख्या वेटोळ्यांवर, हाताच्या पान्याने आलटून-पालटून दाबा. वरचा नट स्प्रिंग खुर्चीतून सुटी झाल्यावरच काढायचा. दबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर कुणी उभं राहायचं नाही, बघायला आलेल्या मित्रासकट.

हेडलाइट पुन्हा लावून घ्या. ऑटो लेव्हलिंग असलेल्या गाडीत उंचीचा सेन्सर नव्या उंचीला कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत किंवा बोनेटच्या पुढ्यात पडतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. विमा कंपनीला लेखी कळवा आणि आपल्या आरटीओत विचारून घ्या, एमएच १८, १९, ३९ कुठलीही पासिंग असो.

पावसाळा संपला की खालच्या खुर्चीत साचलेली काळी माती पाण्याच्या जोराने काढा. वाळली की ती दगड होते, खुर्चीतलं पाणी जायचं भोक बुजवते आणि स्प्रिंगच्या तळच्या वेटोळ्याचा रंग खरवडते. स्प्रिंग तुटते ती बहुधा तिथेच. रंग उडालेला दिसला तर गंज काढून प्रायमर मारा, आणि तडा दिसला तर जोडीने बदला.

काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. पुढची-मागची, डावी-उजवी अशी चिठ्ठी तारेने बांधा, रबर पॅड आणि मूळ बफर त्याच पिशवीत घाला. गाडी विकताना पहिला प्रश्न त्यांचाच येतो.